बालकथांचे तात्पर्य आणि तीन बंद दारे

आपल्या वाङ्मयात ज्यांचा संस्कार सर्वांत खोल आणि ज्यांची चिकित्सा सर्वांत थोडी, अशा कृती कोणत्या, असे कोणी विचारले, तर लहानपणी ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या गोष्टी हेच उत्तर द्यावे लागेल. एखाद्या कादंबरीतील नायिकेच्या वर्तनावर आपण वर्षभर वाद घालतो. परंतु चिमणी, कावळा, मुंगी, टोळ आणि उंदीर यांच्या वर्तनाचे तात्पर्य एकदा पुस्तकात छापले गेले की त्याला पुन्हा कोणी हात लावीत नाही. गोष्ट लहान मुलांची, तेव्हा तिचा विचारही लहानच असावयाचा, अशी समजूत त्याच्या मुळाशी असते. ही समजूत बरोबर नाही. ज्या वयात माणूस युक्तिवाद करू लागलेला नसतो, त्या वयात जी गोष्ट मनात शिरते तिची परीक्षा पुढे तो सहसा करीत नाही; म्हणून ती टीकाकाराने करणे अवश्य आहे.

ही परीक्षा करण्यासाठी येथे तीन गोष्टी घेतल्या आहेत. एक ग्रीस देशातून इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आली. दुसरी मराठी घरातली. तिसरी संस्कृतातून आलेली. तिघींचे कूळ वेगळे, पण प्रसंग एकच आहे. आत एक प्राणी सुखरूप बसलेला, बाहेर दुसरा अडचणीत उभा, आणि मध्ये बंद दार. या दाराचे पुढे काय होते ते पाहिले म्हणजे कथेचा बोध खरोखर कोठे असतो, या प्रश्नाचा थोडाफार उलगडा होईल.

प्रथम आपल्याकडे ‘तात्पर्य’ हा प्रकार कसा रुजला ते सांगितले पाहिजे. मराठी मुद्रणाच्या अगदी आरंभी ज्या पुस्तकांना हात घातला गेला त्यांत प्राण्यांच्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयाखाली सख्खन पंडितांनी इसापाच्या कथा ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत उतरविल्या. १८१५ साली वैजनाथ शर्मा यांचा ‘हितोपदेश’ बंगालमध्ये श्रीरामपूर येथे छापला गेला. पुढे मुंबईत शाळा आणि शाळापुस्तके यांसाठी जी मंडळी स्थापन झाली, तिच्या कामात असलेल्या सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापनीतीचे मराठी रूप सिद्ध केले. त्या पिढीपुढे काम अवघड होते. मुलांच्या हाती द्यावयास गद्य नव्हते. ते घडवावयाचे होते. त्यासाठी लहान, सुटसुटीत, दोन चार वाक्यांत संपणारी आणि कोणाच्याही धर्माला न दुखावणारी कथा हे उत्तम साधन होते. बापू छत्र्यांच्या त्या श्रमाचे ऋण मोठे आहे. परंतु शाळेबरोबर परीक्षा आली, आणि परीक्षेला विचारण्याजोगा प्रश्न हवा असतो. कथेखालचे तात्पर्य हा असा तयार प्रश्न आणि तयार उत्तर होय. त्यामुळे कथेचे सार तिच्या शेपटीत असते, ही कल्पना आपल्याकडे शंभर दीडशे वर्षे निर्वेधपणे नांदली.

या कल्पनेला पाश्चात्त्य शास्त्राचाही आधार होता. जर्मन टीकाकार लेसिंग याने १७५९ साली नीतिकथेवर जे निबंध लिहिले, त्यांत त्याने असे प्रतिपादिले की, एखादे सर्वसामान्य नीतितत्त्व एका विशिष्ट घटनेत आणून ती घटना खरी म्हणून सांगितली म्हणजे नीतिकथा होते. म्हणजे तत्त्व हा देह आणि गोष्ट हे वस्त्र. हे जर खरे असेल, तर देहाची ओळख पटल्यावर वस्त्राची गरज उरू नये. परंतु अनुभव नेमका उलटा आहे. महाविद्यालयात येणाऱ्या तरुणांना मी कधी कधी लहानपणच्या गोष्टी विचारतो. गोष्ट बहुतेकांना येते. तात्पर्य विचारले की ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात, आणि मग जो तो निराळे सांगतो. वस्त्र टिकले आणि देह हरवला, असे होत असेल तर कोठेतरी आपली देहवस्त्रांची वाटणीच चुकली आहे.

आता पहिले दार. मुंगी उन्हाळाभर दाणे साठविते, टोळ गात हिंडतो. थंडी येते, टोळ उपाशी मरू लागतो, मुंगीच्या दाराशी येतो आणि मूठभर दाणे मागतो. मुंगी त्याला टोमणा मारून परत पाठविते. याखालचे तात्पर्य सर्वांना ठाऊक आहे: वेळीच उद्योग करावा, पुढची तरतूद करावी. तत्त्व निर्दोष आहे. परंतु गोष्टीतली कृती कोणती? एक उपाशी प्राणी दारात उभा आहे आणि धान्याने भरलेल्या घराचा मालक त्याला हसून हाकलून देत आहे. फ्रेंच कवी ला फोंतेन याने १६६८ साली आपल्या नीतिकथांचा पहिला संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा पहिल्या भागात पहिले स्थान याच कथेला दिले. आणि विशेष हे की, तिच्याखाली त्याने तात्पर्य जोडले नाही. मुंगीच्या तोंडचा टोमणा संपला की कविता संपते. कवी कोणाच्या बाजूचा आहे हे वाचकाने ठरवावे. जो मनुष्य जन्मभर गात राहिला, त्याला मुंगीची बाजू सर्वस्वी पटली असेल असे मला वाटत नाही.

पुढे १७६२ साली रूसोने ‘एमिल’ या ग्रंथात या कथांवर मोठा हल्ला केला. त्याचे म्हणणे असे की, आपण मुलाला टोळाच्या उदाहरणाने सावध करू पाहतो, पण मूल टोळ होत नाही. ते मुंगी होते. कोल्ह्याने स्तुती करून कावळ्याच्या चोचीतला तुकडा लांबविला, या गोष्टीतही मूल कावळ्याकडून शहाणपण शिकत नाही, ते कोल्ह्याच्या बाजूला जाऊन बसते. कारण ज्याचा जय होतो त्याच्या जागी स्वतःला पाहणे हा मनाचा स्वभाव आहे. यावर उपाय म्हणून या कथा लहान मुलांना देऊच नयेत असे रूसो म्हणतो. हा उपाय मला मान्य नाही. पण त्याचे निदान अचूक आहे. तात्पर्य एका पात्राविषयी बोलते आणि मूल दुसऱ्याच पात्राच्या अंगात शिरलेले असते. तात्पर्य सांगते, ‘आळशी होऊ नको’. कृती शिकविते, ‘ज्याच्यापाशी नाही त्याला हसावे.’ दोहोंत कृतीचा आवाज मोठा असतो.

दुसरे दार आपल्या घरचे आहे. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे घर मेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या दाराशी येतो. ही गोष्ट ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. तिचे वयही थोडेथोडके नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने रचलेल्या ‘लीळाचरित्रा’त ती आढळते, तेथे चिमणीच्या जागी साळई आहे, पण शेण आणि मेण तेच. सातशे वर्षे एखादी गोष्ट लोकांच्या जिभेवर राहते, ती तात्पर्यामुळे राहत नाही. या कथेचा प्राण दारातल्या संवादात आहे. कावळा दार उघड म्हणतो आणि चिमणी थांब म्हणते. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, अंग पुसायचे आहे, काजळ घालायचे आहे, निजवायचे आहे. प्रत्येक वेळी एक काम वाढते, आणि तितका वेळ कावळा पावसात भिजतो. ऐकणारे मूल पुढचे काम कोणते हे आधीच ओरडून सांगते. सांगणारी आई आणि ऐकणारे बाळ यांचा स्वतःचा दिवसच त्या संवादात ओवलेला असतो; म्हणून त्याची गोडी पुन्हा पुन्हा ऐकूनही कमी होत नाही. रचनेच्या दृष्टीने यापेक्षा सुंदर बालकथा दाखविणे कठीण.

शेवट मात्र घरोघरी निराळा. कोठे चिमणी अखेर दार उघडते आणि कावळ्याला चुलीपाशी ऊब देते. कोठे तो आत येऊन तिचा खाऊ फस्त करतो. कोठे त्याला चटका बसतो आणि तो उडून जातो. शेवटाविषयी इतके मतभेद असणे हेच मला अर्थपूर्ण वाटते. दारापर्यंत सर्वांचे एकमत आहे. दार उघडल्यावर काय व्हावे याविषयी मराठी आयांचे सातशे वर्षांत एकमत झालेले नाही.

तरीही तात्पर्य ठरलेले असते: चिमणी नीटनेटकी व दूरदर्शी, कावळा आळशी व गबाळा, चिमणीसारखे व्हावे. आता गोष्टीतील पुरावा पाहू. कावळा आळशी होता असे गोष्ट कोठेच म्हणत नाही. ती एवढेच म्हणते की त्याचे घर शेणाचे होते. सातारा आणि सांगलीकडच्या खेड्यांत शेणाने सारवलेली जमीन ही स्वच्छतेची खूण मानीत आले आहेत. सणाच्या दिवशी अंगण सारवूनच त्यावर रांगोळी घालतात. शेण हा आळसाचा नव्हे, गरिबीचा माल आहे. जे हाताशी आहे त्याने घर बांधणाऱ्याचा माल आहे. उलट मेण हे काही फार शहाणपणाचे बांधकाम नव्हे. गोष्टीने पाऊस निवडला म्हणून चिमणीचे घर टिकले. एप्रिल महिन्यातले आमच्या सांगलीचे ऊन निवडले असते, तर दारात उभे राहण्याची पाळी चिमणीवर आली असती. तेव्हा ज्याला आपण गुण म्हणतो, तो पुष्कळ अंशी ऋतूचा पक्षपात आहे.

सांगलीत हा विचार केवळ चमत्कृतीसाठी करता येत नाही. कृष्णाकाठच्या या गावाने २००५, २०१९ आणि २०२१ साली मोठे पूर पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याने सत्तावन फुटांची रेघ ओलांडली. धोक्याची पातळी तेथे पंचेचाळीस फूट मानतात. गावभागातल्या जुन्या, दगडी जोत्याच्या वाड्यांत पाणी शिरले, तसेच नव्या सिमेंटच्या घरांतही शिरले. ते घरमालकाचा उद्योग किंवा आळस पाहून शिरले नाही. नदीची पातळी आणि जमिनीची उंची एवढेच त्याने पाहिले. त्या दिवसांत हजारो माणसे भिजल्या कपड्यांनी दुसऱ्यांच्या दाराशी गेली, आणि शाळा, मंगल कार्यालये व अनोळखी लोकांची घरे त्यांना उघडी मिळाली. त्यांत मुले होती. त्या मुलांना आता चिऊकाऊची गोष्ट सांगितली, तर ती कोणत्या बाजूने ऐकतील? ज्याने दाराबाहेरचा पाऊस अंगावर घेतला आहे, त्याला ‘कावळ्यासारखा होऊ नको’ हा उपदेश केवळ निरर्थक नव्हे, तर अपमानकारक वाटेल. कथा तीच राहिली आणि तात्पर्य खोटे ठरले.

आणखी एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. ज्या कावळ्याला आपण गोष्टीत दाराबाहेर ताटकळत ठेवतो, त्याचीच आपण दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर पिंड ठेवून वाट पाहतो. तेथे उभे राहण्याची पाळी आपली असते. त्याच्या मनात येईल तेव्हा तो येतो. लहानपणची कथा आणि मोठेपणीचा आचार यांतली ही विसंगती मराठी मनाने कधी बोलून दाखविली नाही, पण ती मनात असलीच पाहिजे. एरवी गोष्टीचा शेवट इतका अस्थिर का राहावा?

तिसरे दार विष्णुशर्म्याचे. ‘पंचतंत्रा’च्या दुसऱ्या तंत्रात, म्हणजे मित्रसंप्राप्तीत, चित्रग्रीव नावाचा कपोतराजा आपल्या परिवारासह जाळ्यात सापडतो, सगळी कबुतरे एकदम उडून जाळ्यासह हिरण्यक उंदराकडे जातात. मित्राचे पाश प्रथम तोडावयास हिरण्यक पुढे होतो, तेव्हा राजा त्याला आधी अनुचरांचे पाश तोडावयास सांगतो. हा सर्व प्रकार लघुपतनक नावाचा कावळा पाहत असतो. असा मित्र आपल्यालाही असावा असे त्याला वाटते, आणि तो उंदराच्या बिळाच्या तोंडाशी येऊन हाक मारतो. म्हणजे येथेही बाहेर कावळाच आहे, आणि आत एक लहानसा जीव.

हिरण्यक दार उघडीत नाही. पण तो थांब असेही म्हणत नाही, आणि टोमणाही मारीत नाही. तो कारण सांगतो: आपल्यापैकी एक खाणारा आणि दुसरा खाल्ला जाणारा, यात मैत्री कशी व्हावी? कारण सयुक्तिक आहे. कावळा ते उडवून लावीत नाही. तो उत्तर देतो, उंदीर प्रत्युत्तर देतो. वैराचे प्रकार, विश्वासाच्या मर्यादा, सज्जन आणि दुर्जन यांच्या मैत्रीतला फरक, असे सर्व शास्त्र त्या बिळाच्या तोंडाशी चर्चिले जाते. अखेर कावळा दारात उपोषण करून प्राण देण्याची भाषा बोलतो. तेव्हा हिरण्यक मैत्री मान्य करतो, परंतु प्रचलित पाठाप्रमाणे एक अट घालतो: माझ्या बिळात पाऊल टाकावयाचे नाही. पुढे दोघे एकमेकांना खाद्य आणून देतात, आणि हळूहळू विश्वास इतका वाढतो की उंदीर कावळ्याच्या पंखाखाली बसून गप्पा मारू लागतो. नंतर त्या देशात अवर्षण पडते आणि कावळा स्थलांतर करतो, तेव्हा उंदीर त्याच्या पाठीवर बसून जातो. ज्याला आत घ्यावयास तो भीत होता, त्याच्यावर बसून तो स्वतःच घराबाहेर पडला.

या कथेखाली एका ओळीचे तात्पर्य लिहून दाखवावे असे मी कोणासही सांगेन. ‘परक्यावर विश्वास ठेवावा’ असे लिहिले, तर उंदराने घातलेली अट फुकट जाते. ‘परक्यावर विश्वास ठेवू नये’ असे लिहिले, तर कथाच बुडते. आणि कोणी पहिले तात्पर्य घाईने स्वीकारील म्हणूनच की काय, विष्णुशर्म्याने लगेच पुढे तिसरे तंत्र ठेवले आहे. त्यात स्थिरजीवी नावाचा कावळा शरणागत म्हणून घुबडांच्या दुर्गाशी येतो. रक्ताक्ष नावाचा एक मंत्री विरोध करतो. इतर मंत्री आश्रय द्यावा म्हणतात, आणि त्यांपैकी एक, दारी आलेल्या पारध्यासाठी अग्नीत उडी घेणाऱ्या कपोताची गोष्ट सांगतो. आश्रय मिळतो. कावळा दाराशी काटक्या साठवितो आणि एके दिवशी घुबडांसह दुर्ग जाळून टाकतो. दुसऱ्या तंत्रात दार उघडल्याने भले झाले; तिसऱ्यात नाश झाला. दोन्ही ठिकाणी दाराशी कावळाच होता.

हा ग्रंथकाराचा गोंधळ नव्हे. हीच त्याची शिक्षणपद्धती आहे. तीन मंदबुद्धी राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करण्याची प्रतिज्ञा करून तो बसला होता. तो त्यांना नियम पाठ करून देत नाही. एकच प्रसंग दोन्ही बाजूंनी दाखवितो आणि दाराशी कोण आले आहे ते ओळखण्याची सवय लावतो. त्याच्या कथांत वचने पुष्कळ आहेत, परंतु ती पात्रांच्या तोंडी आहेत. ती सांगणारा शहाणा असेल किंवा कावेबाजही असेल. छापील तात्पर्य मात्र कोणाच्याही तोंडचे नसते, म्हणून मुलाला त्याच्याशी वाद घालता येत नाही. मुंगी आणि चिमणी यांच्या कथांपेक्षा हिरण्यकाची कथा श्रेष्ठ ठरते ती अधिक दयाळू आहे म्हणून नव्हे, तर तिच्यात बाहेरच्याला बोलू दिले आहे म्हणून.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मुलांना गोष्ट आनंदासाठी सांगावी. बोधाची चर्चाच नको. बालशिक्षणाचे आचार्य गिजुभाई बधेका यांनी आनंद हाच गोष्टीचा पहिला हेतू मानला, आणि तात्पर्याच्या जाचातून मुलांना सोडविण्याचे मोठे श्रेय त्यांच्या परंपरेला आहे. तथापि तात्पर्य काढून टाकले म्हणून बोध जात नाही. मुंगीचा टोमणा तात्पर्यावाचूनही टोचतो. गोष्ट मुलाला दाराच्या कोणत्या बाजूस उभे करते, हा तिचा खरा बोध, आणि तो तिच्या आनंदातच मिसळलेला असतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: मग या गोष्टी सुधारून घ्याव्यात, चिमणीला लगेच दार उघडावयास लावावे, मुंगीला दाणे वाटावयास लावावे. अशी सुधारलेली पुस्तके हल्ली दिसतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यांत दारच नाहीसे होते. चिमणीने पहिल्या हाकेला दार उघडले, तर कथेत उरले काय? ताटकळण्यातूनच मुलाला बाहेरच्या पावसाची जाणीव होते. आमच्या सांगलीत १८९८ साली जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी मराठीत रूपककथा रुजविली, आणि उपेक्षितांविषयीचा जिव्हाळा त्या लहानशा प्रकारात आणला. ‘कलिका’सारख्या संग्रहातील त्यांच्या कथा प्रौढांसाठी आहेत; परंतु त्यांतही जेथे शेवटचे वाक्य वाचकाला काय वाटावे हे सांगू लागते, तेथे कथा दुबळी होते. जुने तात्पर्य कठोर होते आणि नवे कोमल आहे, एवढाच फरक पडून उपयोग नाही. दोन्ही वाचकाच्या वतीने उत्तर देऊन मोकळी होतात.

मग करावयाचे काय? माझे म्हणणे थोडके आहे. गोष्ट जशी आहे तशी, तिच्या सगळ्या ‘थांब’सह सांगावी. खालची ओळ वाचू नये. चिऊकाऊची गोष्ट सांगितली की, दुसऱ्या रात्री हिरण्यकाची सांगावी, आणि मूल थोडे मोठे झाल्यावर स्थिरजीवीचीही सांगावी. म्हणजे एका दाराला दुसरे दार उत्तर देईल. मुंगीची गोष्ट सांगताना टोळ परत कोठे गेला, असे मुलाने विचारले, तर तो प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्या गोष्टीवर गेल्या कित्येक शतकांत जी टीका झाली, तिचा आरंभ याच प्रश्नातून झाला आहे.

आणि चिऊकाऊच्या गोष्टीचा शेवट ज्या अर्थी सातशे वर्षांत ठरलेला नाही, त्या अर्थी तो आपणही ठरवू नये. बाळाला न्हाऊमाखू घालून झाले, काजळ घालून झाले, बाळ निजले. आता चिमणीने काय करावे, असे विचारून सांगणाऱ्याने गप्प बसावे. बहुतेक मुले दार उघडतील असा माझा समज आहे. जे उघडणार नाही, त्यालाही का ते विचारावे आणि त्याचे कारण हिरण्यकाच्या कारणाइतकेच लक्षपूर्वक ऐकावे.